एम्लिनला कुत्रा पसंत पडेना

पंधरा महिन्यांत एम्लिन प्यूने अकरा ठिकाणचे स्पॅनियल जातीचे शिकारी कुत्रे पाहिले आणि अकराही ठिकाणी नकार देऊन आला. त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, आता स्पॅनियल हा शब्द कानावर पडला तरी दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

तिला कुत्र्यांचं वावडं होतं अशातला भाग नाही. चाळीस वर्षं त्यांच्या घरात कुत्रा होताच. शेवटचा टेग मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला, तेव्हा ग्लेनिसच त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. महिन्याभराने तीच म्हणाली होती, "आण आता दुसरा. घर खायला उठतंय." तिच्या मते ते पंधरा दिवसांचं काम होतं. पण एम्लिन काउंटीच्या कचेरीत जमिनीची मोजणी करत निवृत्त झालेला माणूस. त्याने आधी निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या निम्म्या भागावर कायमचा तळ ठोकला.

त्याला हवा होता असा कुत्रा, जो सकाळी रानात काटेरी जाळी विंचरून फेझंट, म्हणजे रानकोंबड्यासारखे पक्षी, उठवेल आणि दुपारी शेगडीपाशी पायावर हनुवटी टेकून गप्प पडून राहील. मागणी काही जगावेगळी नव्हती. निम्म्या वेल्सला असाच कुत्रा हवा असतो आणि तो मिळतोही. एम्लिनला मात्र मिळेना.

पहिल्यांदा इंग्लिश स्प्रिंगर पाहिले. "अंगात वारं भरलंय यांच्या," एम्लिन म्हणाला, "हे कसले पायाशी बसतात." मग कॉकर पाहिले. त्यातल्या एकाने ग्लेनिसचा हातमोजा पळवला, दुसऱ्याने तिच्या पिशवीतलं चीजचं सँडविच कागदासकट खाल्लं. एम्लिनने वहीत 'चोर' असं लिहिलं. ससेक्स स्पॅनियल शांत होता, पण वास लागला की भुंकायचा. शिकारीत तोंड वाजवणारा कुत्रा नको. फील्ड स्पॅनियल बघायला दोघं पावसात अडीच तास गाडी हाकत गेली. कुत्रा देखणा, गडद तपकिरी, वागायला अगदी पाद्र्यासारखा. एम्लिनने त्याला कुंपणापर्यंत फिरवून आणलं आणि मालकिणीचे आभार मानून परत गाडीत येऊन बसला. येतानाचे अडीच तास ग्लेनिस एक अक्षर बोलली नाही. गाडी तीच चालवत होती. वसंतापासून एम्लिनचा गुडघा दुखत होता, त्यामुळे क्लच दाबायला नको म्हणायचा.

ग्लेनिसने सव्वीस वर्षं गावातलं पोस्टाचं काउंटर सांभाळलं होतं. कुठलं तिकीट घ्यावं यावर दहा मिनिटं घोळ घालणारी माणसं तिने रोज पाहिली होती. पण ती माणसं शेवटी तिकीट घेऊन जायची.

ऑक्टोबरात मात्र तिचा बांध फुटला, तो मॅलीमुळे. टेकडीपलीकडे एका मेंढपाळाकडे ही वेल्श स्प्रिंगर कुत्री होती. दोन वर्षांची, शिकवून तयार केलेली, तांबूस आणि पांढऱ्या रंगाची. दारात गाडी थांबल्यावर ती धावत आली नाही. चार पावलांवर येऊन बसली आणि ग्लेनिसकडे अशी बघू लागली, जणू हिच्याशी सावकाश ओळख करून घेऊ, घाई काय आहे. ग्लेनिसने तिच्या कानामागे बोटं घातली आणि तिथेच मनातून तिला घरी नेऊन टाकलं. तिची टोपली कुठे ठेवायची, हेही तिने ठरवलं.

एम्लिन मॅलीला घेऊन उतारावर गेला. तिथे कमरेइतके नेचे वाळून गंजासारखे झाले होते. मॅली त्यात शिरली. एम्लिन बराच वेळ वरच उभा राहिला, मान या बाजूने त्या बाजूला वळवत. मग त्याने शीळ घातली. मॅली त्याच्या डाव्या हाताला, अगदी दहा पावलांवर, बाहेर आली. तो अजून उजवीकडेच पाहत होता.

"नको," परत येऊन तो म्हणाला. "कुत्री चांगली आहे. पण नको."

मेंढपाळाने खांदे उडवले. ग्लेनिसने गाडी फाटकाबाहेर काढली, वळणावर चढवली आणि मेंढ्यांच्या वाड्यापाशी थांबवली.

"काय खोट होती तिच्यात?"

"खोट नाहीच म्हणतोय मी."

"मग?"

एम्लिन काचेबाहेर बघत राहिला. "रंग बरोबर नाही."

"रंग?" ग्लेनिस म्हणाली. "एम्लिन, तुला कुत्रा हवाय की पडद्याचं कापड?"

"तुला नाही समजायचं ते."

"नाहीच समजत. पंधरा महिने झाले, मला काही म्हणजे काही समजत नाही. माझं कंबरडं गेलं या गाडीत बसून. पुढच्या वेळी तू बसने जा."

"बरं," एम्लिन म्हणाला. याचाच तिला जास्त संताप आला. भांडण काढावं आणि समोरच्याने बरं म्हणावं, याच्यासारखा दुसरा छळ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिल्विन आला. डिल्विन शेजारच्या इस्टेटीवर शिकारीच्या रानाचा राखणदार, एम्लिनचा शाळेपासूनचा दोस्त. एम्लिन ग्रंथालयात गेला होता, म्हणून तो ग्लेनिसशीच बोलत बसला आणि बोलता बोलता त्याने बारा ब्रिथ नावाचा मनुकांचा वेल्श केक अर्धा संपवला.

"मॅलीलाही नाही म्हणाला म्हणे तुझा नवरा. त्याने दुसरी बायको शोधायला घेतली असती ना, तर एव्हाना तीन झाल्या असत्या."

"घेऊन जा त्याला. मी केकही बांधून देते बरोबर."

"मला कशाला? माझ्याकडेही येत नाही आता. टेग होता, त्या शेवटच्या हिवाळ्यात जानेवारीपासून त्याने बंदुकीला हात लावलेला नाही. विचारलं की गुडघा पुढे करतो." डिल्विनने चहा ढवळला. "बंदूक चालवायची नाही, मग शिकारी कुत्रा हवा कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. आणि कुठे कुत्रा असल्याचं मी सांगितलं, की पहिला प्रश्न रंगाचा. नाक कसं आहे ते नंतर."

तो गेल्यावर ग्लेनिसने कप विसळले, आणि ओल्या हातानेच ती निळी वही पुढे ओढली. खरं तर ती शेगडीत घालावी, इतकाच विचार तिच्या मनात होता. घालण्यापूर्वी एकदा चाळावी म्हणून तिने उघडली.

पहिल्या पानावर एम्लिनचं नेहमीचं अक्षर होतं, मोजणीदाराचं, मुंगीच्या पावलांसारखं. स्वभाव, नाक, पाणी, काटे, लहान मुलं, सगळे रकाने भरलेले. चौथ्या पानावर अक्षर वाटाण्याएवढं झालं. नवव्या पानावर एका पानात जेमतेम तीन ओळी मावल्या होत्या आणि त्याही आखलेली रेघ सोडून तिरप्या गेल्या होत्या. रकाने तर मध्येच कुठेतरी संपले. फील्ड स्पॅनियलच्या पानावर जाड पेनाने लिहिलं होतं: 'तपकिरी. मातीत मिसळतो.' मॅलीच्या पानावर फक्त: 'लाल. नेच्यांत गेली की संपलं.'

ग्लेनिस खुर्चीत बसली. वसंतापासून त्याच्या हातून चहा बशीत सांडत होता. दुखणारा गुडघा जिना चढताना कधी दुखला नव्हता. वर्तमानपत्र तो अलीकडे तिलाच मोठ्याने वाचायला सांगायचा आणि वर तुझा आवाज छान आहे म्हणायचा. तिला ते खरं वाटलं होतं. तिला आधी स्वतःचा राग आला, मग त्याचा आला, आणि त्याचा बराच वेळ टिकला.

विचारलं तर तो गुडघाच पुढे करणार, हे तिला माहीत होतं. म्हणून ती काही बोलली नाही. शनिवारी तिने त्याला गाडीत घातलं आणि सांगितलं, "क्लंबर बघायला जायचंय. नॉटिंगहॅमशायरला. मी फोन केलाय."

"एवढ्या लांब? तू तर म्हणालीस—"

"पट्टा लाव."

क्लंबर हा स्पॅनियलांमधला सगळ्यात जड गडी. बुटका, रुंद, डोकं उखळासारखं आणि अंग जवळजवळ सगळंच पांढरं. हे कुत्रे पाळणारी हेस्टर टनिक्लिफ पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, मोजकं बोलणारी बाई होती. तिच्याकडे तीन वर्षांचा बार्नबी होता. त्याच्या कानांवर लिंबाच्या सालीच्या रंगाचे डाग होते, बाकी तो धुतलेल्या चादरीसारखा. आला, एम्लिनच्या बुटावर बसला आणि त्याने उसासा टाकला.

"शांत आहे," एम्लिन म्हणाला. त्याने वही उघडलीच नाही.

"शांत कसला, आळशी आहे," हेस्टर म्हणाली. "घोरतो. लाळ गाळतो. सोफ्यावरून उठवायला दोन माणसं लागतात. पण जाळीत शिरला की पक्षी बाहेर काढल्याशिवाय येत नाही, आणि बंदुकीपासून वीस पावलांपलीकडे जात नाही. चला, दाखवते."

शेताच्या कडेला काटेरी जाळ्यांची रांग होती. बार्नबी त्यात घुसला. फांद्या हलत होत्या, आवाज कसलाच नव्हता, आणि मधूनमधून पांढरी पाठ वर यायची. एम्लिनची मान या वेळी इकडेतिकडे वळली नाही. तो सरळ कुत्र्याकडेच पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते ग्लेनिसने पंधरा महिन्यांत पाहिलं नव्हतं. पण ठरवलं होतं ते तिने सोडलं नाही.

"पक्षी पडल्यावर काय करतो?" तिने हेस्टरला विचारलं.

हेस्टरने भुसा भरलेली खाकी पिशवी काढली. शिकवताना पक्ष्याऐवजी तीच फेकतात. "मिस्टर प्यू, पडेल कुठे ते बघून ठेवा आणि त्याला तिकडे पाठवा," असं म्हणून तिने ती उंच भिरकावली. पिशवी शेताच्या उजव्या कोपऱ्यात, फाटकाजवळ पडली. धप्प आवाजही आला.

एम्लिनने हात वर केला आणि डावीकडच्या ओकच्या झाडाकडे दाखवलं. "तिकडे. जा, गड्या."

बार्नबीने एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा हेस्टरकडे, आणि फाटकाकडे चालू लागला.

हेस्टरने ग्लेनिसकडे पाहिलं.

"एम्लिन," ग्लेनिस म्हणाली, "तुला दिसत नाही."

"ऊन डोळ्यांवर आलं."

"ऊन कुठे आहे? सकाळपासून आभाळ भरलंय."

तो जाळीकडे तोंड करून उभा राहिला. बार्नबी पिशवी घेऊन आला आणि ती कोणी घेईना, म्हणून तोंडात धरूनच बसला.

"मधोमध दिसत नाही," एम्लिन अखेर म्हणाला. "कडेचं दिसतं. मध्ये धुकं. सरळ बघितलं की माणसाला तोंडच नसतं."

"कधीपासून?"

"टेगच्या कानाला लागलं होतं, आठवतं? त्याआधीपासून थोडं थोडं."

ग्लेनिसला आठवत होतं. काटेरी तारेत अडकून कान फाटला, असं सांगत तो टेगला घरी घेऊन आला होता. तिनेच गरम पाण्याने जखम धुतली होती.

"तार नव्हती ती," एम्लिन म्हणाला. "नेचे हलले. मला ससा वाटला. मी गोळी झाडली, ग्लेनिस. कानाला चाटून गेली, थोडक्यात वाचला. आणि परत येऊन माझ्या पायाशीच बसला तो, माझ्याच."

ग्लेनिसला वाटलं होतं, तो कबूल झाला की तिचा राग उतरेल. उतरला नाही. "आणि मला म्हणालास तार. मी तुला चहा करून दिला त्या दिवशी. तुला थंडी वाजत होती म्हणून. पंधरा महिने मला या देशभर फिरवलंस, मॅलीला नाही म्हणालास, मी म्हटलं माणूस चक्रम झाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला अर्धा तास लागतो, एम्लिन. अर्धा तास."

"गेलो असतो तर बंदूक सोड म्हणाले असते."

"मग?"

"मग मी कोण राहिलो असतो?"

या प्रश्नाने ती आणखी वैतागली. हेस्टरने बार्नबीच्या तोंडातली पिशवी सोडवून घेतली.

"मला तुमच्यामध्ये पडायचं नाही," ती म्हणाली. "पण एक सांगते. तुमच्या बंदुकीपुढे माझा कुत्रा मी सोडणार नाही. पांढरा असला तरी नाही. याचा राग आला तरी चालेल."

"नाही, राग कसला," एम्लिन म्हणाला. "मीही सोडला नसता." आणि तो गाडीकडे चालू लागला. फाटकाच्या खांबाला खांदा धडकला, तेव्हा नेहमीसारखं खांबालाच काहीतरी बोलला.

पुढच्या आठवड्यात ग्लेनिसने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. डावा डोळा मधोमध गेलेला होता, तो परत येणार नव्हता. उजव्याला दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर आहे तेवढं टिकेल, असं त्या म्हणाल्या. "आधी आला असतात तर," इतकंच बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते वाक्य पूर्ण करण्याचं काम ग्लेनिसने घरी आल्यावर तीनचार वेळा केलं. एम्लिन ऐकून घ्यायचा. सोमवारी त्याने बंदूक कपाटातून काढली, शेवटची पुसली आणि परवान्यासकट पोलिसांकडे देऊन आला. नंतर दोन दिवस तो रिकामं कपाट पुसत राहिला आणि ग्लेनिसनेही त्याला छेडलं नाही.

तिसऱ्या दिवशी डिल्विन आला आणि टोपी न काढताच मुद्द्यावर आला. "दर शनिवारी मला माणूस हवाय. बंदूकवाले माझ्याकडे भरपूर आहेत. मागे राहून जखमी पक्षी शोधणारं कोणी नाही. कुत्रा चांगल्या नाकाचा आणि माणूस थंड डोक्याचा पाहिजे. बंदूक लागत नाही."

"दुसऱ्यांनी पाडलेलं मी वेचत फिरू?" एम्लिन म्हणाला. "भीक नको मला, डिल्विन."

"भीक कोण देतंय? गेल्या शनिवारी सात पक्षी पंख मोडून झुडपांत राहिले. रात्रभर तडफडले असतील. तुला ते चालत असेल तर बस इथे, कर रकाने."

"मला दिसत नाही रे."

"कुत्र्याला कुठे डोळ्यांनी शोधायचं असतं? तो नाकाने शोधतो. तुला नुसतं त्याच्यामागे जायचंय. आणि ग्लेनिस आहे की, कुठे पडला ते सांगायला."

"मी?" ग्लेनिस म्हणाली. तिला आठवड्यातला शनिवार तरी स्वतःसाठी हवा होता. कुत्रा यावा, नवरा त्याच्याबरोबर बाहेर जावा, आणि घरात रेडिओ, ती आणि भरतकाम एवढंच उरावं, यासाठीच तर ती पंधरा महिने गाडी हाकत होती.

एम्लिन नाही म्हणाला नाही. दोन दिवस तो घरात खुर्च्या इकडून तिकडे सरकवत राहिला. शेवटी ग्लेनिसनेच वैतागून हेस्टरला फोन लावला. बंदूक गेली, परवाना गेला, आता फक्त पक्षी शोधायचे आहेत, आणि हा माणूस कुत्र्याशिवाय घरात बसला तर मी याचं काय करू ते तुम्हीच सांगा, असं ती एका दमात बोलली. हेस्टर म्हणाली, "सोफा जुना आहे ना तुमचा?"

बार्नबी आला. पहिल्या दिवशी तो सोफ्यावर चढला तो संध्याकाळी जेवायलाच उतरला. घोरणं वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. ग्लेनिसचा एकही स्कर्ट लाळेविना राहिला नाही. एम्लिन मात्र खूश होता. अंधाऱ्या बोळातही त्याला कुत्रा दिसायचा आणि सहा दिवसांत एकदाही तो त्याच्यावर अडखळून पडला नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिघं डिल्विनच्या रानामागे उभी राहिली. धुकं, चिखल, वर बोचरा वारा. पुढे बंदुका वाजल्या. एक फेझंट हवेत डगमगला आणि झाडांवरून खाली गेला.

"पडला," ग्लेनिस म्हणाली. "ॲशच्या झाडाच्या डावीकडे."

"कुठल्या ॲशच्या? इथे तीन आहेत."

"वाकड्या."

"तिन्ही वाकडी आहेत. चाळीस वर्षांपूर्वी मीच मोजलीत. अंतर सांग, अंतर."

"अंतर मला काय माहीत? मी पोस्टात होते. पन्नास पावलं असेल. साठ."

"पन्नास की साठ?"

"एम्लिन, तो मेंढ्यांच्या पाण्याच्या कुंडाजवळ पडला. जा की तिकडे."

"आत्ता तर ॲश म्हणालीस."

त्यांचं हे चालू असताना बार्नबी दोघांच्या मधून उठला आणि तिसऱ्याच दिशेला, कुंपणाखालून, सावकाश निघून गेला. एम्लिनने शीळ घातली. पांढरी पाठ धुक्यात तशीच पुढे जात राहिली, ओढ्यापाशी गेली, लव्हाळ्यात शिरली. काही वेळाने तो बाहेर आला. तोंडात फेझंट होता, जिवंत, मान ताठ केलेला. बार्नबी अर्ध्या वाटेपर्यंत आला, त्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि तिथेच चिखलात बसला.

"इकडे आण," एम्लिन म्हणाला. "बार्नबी. आण इकडे, गड्या."

बार्नबी बसून राहिला.

"दमला असेल," एम्लिन म्हणाला.

"सत्तर पावलं चालून?"

"दिसतोय मला. स्पष्ट दिसतोय," एम्लिन म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं, की पुढचं वाक्य ग्लेनिसने गिळलं. तिने त्याचं कोपर धरलं. मध्ये नाला होता आणि तो त्याला दिसत नव्हता. मग आपल्या चांगल्या बुटांना शिव्या घालत तिने त्याला कुत्र्याकडे न्यायला सुरुवात केली.